'जूनटीन्थ'ला मराठीत काय म्हणावं?

बायूकाठ: मी ह्यूस्टनला राहते. मंडळाच्या पत्रिकेत इथल्या ज्येष्ठांसाठी इमॅन्सिपेशन पार्कमधल्या जूनटीन्थची माहिती द्यायची आहे. मी 'कृष्णवर्णीयांचा मुक्तिदिन' लिहिलं. संपादकांनी 'स्वातंत्र्यदिन' केलं, का तर 'मुक्ती' म्हटलं की मोक्ष वाटतो. १९ जून १८६५ला जनरल ग्रेंजरने गॅल्व्हस्टनमध्ये हुकूम काढला आणि टेक्ससमधले गुलाम मोकळे झाले, त्याचा हा दिवस. नेमका शब्द कोणता?

बीडकर: मोक्ष कुठून आला? आमच्याकडे १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. देश १९४७च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, आम्ही १९४८च्या सप्टेंबरात. टेक्ससचंही तेच. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा, तिथे बातमी पोचली अडीच वर्षांनी. 'मुक्तिदिन'च ठेवा.

तळटीप: बातमी पोचली नव्हती, असं सगळे सांगतात, पण मालकांना ती ठाऊक होती. अंमल करायला तिथे लिंकनच्या सरकारची फौज नव्हती, म्हणून त्यांनी माणसं राबवून घेतली. शिवाय ग्रेंजरच्या त्याच हुकुमात सल्ला होता की आहात तिथेच राहा, मजुरीवर काम करा. मुक्तिदिन चालेल. मला खटकतो तो 'कृष्णवर्णीय'. हा वर्तमानपत्री शब्द बोलताना कोण वापरतं? आणि त्यात 'वर्ण' आहे, तो आपल्याकडे फक्त रंग सांगत नाही.

अनुस्वार: मग काय 'काळे' लिहायचं? ती आपल्याकडे सरळ शिवी होते. 'कृष्णवर्णीय' सभ्य आहे, रुळलेला आहे. देवनागरीत 'ब्लॅक' लिहिणं हा निव्वळ आळस.

तळटीप: १९७२ला मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा 'दलित चित्ते' असं नाव नाही ठेवलं. अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीशी नातं सांगायचं होतं म्हणून 'पँथर' तसाच ठेवला, आणि आज तो खेड्यापाड्यात मराठी शब्द आहे. त्याला आळस म्हणाल? अमेरिकेत इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ला फेब्रुवारीतला आठवडा सुरू केला तो 'निग्रो' इतिहासाचा. १९७६ला त्याचा महिना झाला तेव्हा नाव 'ब्लॅक' होतं. शब्द त्या समाजाने स्वतः बदलला. आपण 'हरिजन' सोडून 'दलित' का म्हणू लागलो, तेवढं आठवा.

अनुस्वार: जोतीरावांनी १८७३ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली, तेव्हा त्यांचं इंग्रजी शब्दावाचून अडलं नाही.

तळटीप: त्याच अर्पणपत्रिकेच्या इंग्रजी मजकुरात 'निग्रो' आहे. त्यांनी त्या काळचा चालता शब्द घेतला, आपण आपल्या काळचा घ्यावा.

खडकीवाला: आपल्याकडे 'हबशी' हा जुना शब्द असताना भांडण कशाला? अरबी 'हबश', म्हणजे ॲबिसिनिया. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हबशीच, आमचं शहर, तेव्हाचं खडकी म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवलं. जंजिऱ्याच्या मुलखाला 'हबसाण' म्हणत.

बीडकर: आमची आजी 'हबशासारखं काय जेवतोस' म्हणायची. त्या शब्दात आता आदर उरलेला नाही.

बायूकाठ: ह्या पार्कची दहा एकर जागा १८७२ला गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वर्गणी काढून घेतली, खास ह्याच दिवसासाठी. लाल सरबत, कलिंगड, बार्बेक्यू, मिरवणूक, भाषणं, मतदार नोंदणीची टेबलं, सगळं एकाच मैदानात. मला आमच्या गावची १४ एप्रिल आठवते. म्हणून कार्यक्रमालाही नीट शब्द हवा: 'उत्सव' म्हटलं की मतदार नोंदणी सुटते, 'अभिवादन सभा' म्हटलं की नाच सुटतो. आणि 'मुक्तिदिन' की 'स्वातंत्र्यदिन', हे राहिलंच.

हल्याळकर: खडकीवाला, 'हबशी' नको. आमच्या कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी कोकणी बोलतात आणि स्वतःला सिद्दीच म्हणवतात. 'सय्यदी'वरून आला म्हणतात तो शब्द.

खडकीवाला: 'सय्यदी'वरून? मला ते पटत नाही. त्याचा वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.