५० की २०० किलोहर्ट्झ? आणि जीपीएसमधले सेकंद

फिशफाइंडर (पाण्यात ध्वनिलहरी सोडून खोली आणि मासळी दाखवणारं यंत्र) घेताना ‘खोल समुद्रात जायचं तर १ किलोवॅट ताकद आणि ५० किलोहर्ट्झच्याच लहरी हव्यात’ असं काही जण म्हणतात; आपल्या किनाऱ्यापुरतं तरी ते पटत नाही. मुंबई-रत्नागिरीसमोरचा उथळ पट्टा बराच रुंद आहे. १०० मीटरच्या आत मासेमारी असेल तर ६०० वॅट आणि २०० किलोहर्ट्झ पुरतं. ६० मीटर खोलीवर ५० किलोहर्ट्झचा साधारण ४५ अंशांचा झोत तळाशी जवळपास ५० मीटर पसरतो, २०० चा साधारण १२ अंशांचा जेमतेम साडेबारा. रुंद झोतात तळालगतची मासळी तळाच्या रेषेतच विरघळते. ५० किलोहर्ट्झ हवं ते शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडे जाणाऱ्यांना. वाचलेले पैसे ट्रान्सड्यूसर (बोटीच्या तळाला लागणारा, लहरी सोडणारा आणि परत टिपणारा भाग) नीट बसवण्यावर घाला: बोटीच्या पंख्यापासून दूर, बुडबुडे येत नाहीत अशा जागी, तोंड सपाट खाली. त्यावर नेहमीचा तळाचा रंग फासू नका, पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) तळाच्या रंगाचाच पातळ हात द्या.

आता जीपीएसबद्दल, जे सहसा कुणी सांगत नाही: इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते; त्या सूचनेत अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदांत येतात, पण बरीच यंत्रं अंश आणि दशांश मिनिटांवर लावलेली असतात. १७ अंश १५ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १५.५०० मिनिटं. तिथे १५.३० टाकलं की अक्षांशातच ३७० मीटरची चूक. मासळी फिरती, तिथे एक वेळ चालेल; बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याची खूण अशी टाकली तर जाळं गेलंच. सेकंदांना ६० ने भागा, नाहीतर सेटिंगमध्ये फॉरमॅट बदला.