ॲक्टिव्ह फंड बंद करून सगळं इंडेक्समध्ये टाकावं का?

मेघना_ठाणे: वय 41. नऊ वर्षांपासून तीन लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांच्या) ॲक्टिव्ह फंडांत, म्हणजे जिथे मॅनेजर शेअर निवडतो, एसआयपी चालू आहे, एजंटमार्फत, म्हणजे रेग्युलर प्लॅनमध्ये. बाकी पीपीएफ आणि थोड्या एफडी. परवा तिन्ही फंडांच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर वरचे शेअर जवळपास तेच. हे थांबवून निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टी निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, घ्यावा असं माझं मत झालंय. नवरा म्हणतो, चालत्या गाडीला खीळ कशाला?

कृष्णाकाठ: थांबवाच. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबीनं ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांची वर्गवारी ठरवली, तेव्हापासून लार्ज कॅप फंडाला किमान 80 टक्के पैसा बाजारमूल्यानं पहिल्या 100 कंपन्यांतच ठेवावा लागतो. त्याच शंभरांतून निवडायचं, मग वेगळं काय करून दाखवणार? खर्च मात्र कितीतरी जास्त. समजा 10 लाख 20 वर्षं 12 टक्क्यांनी वाढले. त्यातून दरवर्षी 0.2 टक्के खर्च गेला तर सुमारे 93 लाख होतात, 1 टक्का गेला तर 80.6 लाख. साडेबारा लाखांचा फरक! रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशनही त्यातूनच जातं. एजंटशिवायचे डायरेक्ट प्लॅन 2013 पासून आहेत, ताई.

रानवाट: लार्ज कॅपपुरतं मान्य. पण इंडेक्स फंड डोळे मिटून घेतो. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हाही ती निफ्टीतच होती. ताळेबंद वाचणारा मॅनेजर आधीच बाहेर पडू शकतो. मिड आणि स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे मध्यम आणि लहान कंपन्यांत, तर ही पारख फारच मोलाची, तिथल्या कित्येक कंपन्यांकडे कुणाचं लक्षही नसतं.

कृष्णाकाठ: भाव पडत गेला तसं निफ्टीतलं तिचं वजनही घटत गेलं होतं. आणि पारखी मॅनेजर आधी ओळखायचा कसा? मागचे आकडे बघून? त्या यादीत आज टिकलेलेच फंड दिसतात. ज्या योजना दुसऱ्यांत विलीन झाल्या, त्या कुणी मोजत नाही.

अप्पा_सांगली: तुम्ही दोघं शेअरबाजाराच्या आतच भांडताय. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये निफ्टी 12 हजारांवरून साडेसात हजारांवर आला. त्याच मार्चमध्ये हिचं ऑपरेशन निघालं. एफडी मोडली म्हणून फंड पडेल भावात विकावे लागले नाहीत. मेघना, आधी वर्षभराचा घरखर्च बँकेत ठेव. बँक बुडाली तर विमा 5 लाखांपर्यंतच आहे, तेव्हा रक्कम मोठी असेल तर दोन बँकांत विभाग. पीपीएफ सोडू नकोस; 7.1 टक्के कमी वाटतात, पण व्याजावर कर नाही.

रानवाट: अप्पा, एफडीचं पटलं. पण 41 व्या वर्षी पीपीएफवर फार भर दिला तर महागाई सगळं खाऊन टाकेल.

अप्पा_सांगली: सगळं टाक असं कुठे म्हटलं? पडझडीत झोप लागेल एवढं तरी हवं.

मेघना_ठाणे: नवी एसआयपी या महिन्यापासून इंडेक्सच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. जुनी युनिट्स एकदम विकणार नाही. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्या बेतानं काढेन. वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के द्यायची घाई नाही. अप्पांच्या सांगण्यावरून त्यातली पहिली रक्कम मात्र एफडीत जाईल. रानवाट, मिड कॅपचं अजून ठरत नाहीये. तुम्ही स्वतः मॅनेजर कसा निवडता, ते सविस्तर लिहाल का?