मदत हवी आहे: तोरणमाळला जायचंय, सामान लावलं की मागचे स्पोक तुटतात

पांझराकाठ | बुधवार, रात्री ९:१०
सरळ मुद्द्यावर येतो. शनिवार-रविवार आमचा धुळ्याचा ग्रुप सायकलने सातपुड्यात तोरणमाळला चाललाय, मुक्काम यशवंत तलावाजवळ तंबूत. कॅरिअरला बॅगा लावून चालवली की मागचा स्पोक तुटतो. दुकानात एक तार (स्पोक) टाकून आऊट, म्हणजे चाकाचा डुगडुगता वाक, काढून देतात, दोन-तीन दिवसांत शेजारची जाते. आतापर्यंत चार गेल्या. दोन दिवसांत काय करता येईल आणि घाटात तुटली तर काय करायचं, एवढंच सांगा. सायकल बदला असं कृपया कुणी सांगू नका.

चेनतेल | ९:२२
अर्धी माहिती गाळलीत. सायकल कोणती? मागे ३२ तारा की ३६? तुटणाऱ्या तारा फ्रीव्हीलच्या (मागच्या गिअरचक्रांच्या), म्हणजे उजव्या बाजूच्या की डावीकडच्या? तुटतात कुठे, हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) वाकलेल्या मानेत की वर निप्पलजवळ (तार रिंगला आवळणाऱ्या छोट्या नटाजवळ)? तुमचं वजन, सामानाचं वजन? मानेत तुटत असतील तर ताण कमी-जास्त आहे. निप्पलपाशी तुटत असतील तर तारेची लांबी चुकलीये किंवा ताण जास्त झालाय. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून विचारतोय.

कानबाईना_भाऊ | ९:२८
पयले फोटो टाक ना भाऊ. कोन्या बाजूना तारा तुटतस ते फोटो बिगर काय समजी?

लोकोशेड | ९:४१
सायकली रेल्वेने न्या. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचा आणि नंदुरबार दोन्ही स्टेशनं आहेत. सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक होते. गाडीच्या किमान तासभर आधी पोहोचा. हँडलला पुठ्ठा बांधून त्यावर उतरायचं स्टेशन मोठ्या अक्षरात लिहा. लहान स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात लगेज डब्यातून सात-आठ सायकली उतरत नाहीत, म्हणून नंदुरबारच बरं. बॅगेत स्टोव्हचा गॅस असेल तर तो गाडीत चालत नाही, लक्षात ठेवा.

पांझराकाठ | ९:५०
रेल्वेचं विचारलंच नव्हतं. तारा उजवीकडच्या, चारही. तुटल्या हबपाशी. मागे ३२ आहेत.

गिरणाथडी | १०:०५
स्पोकचं राहू द्या, आधी वेळापत्रक तपासा. धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीचा पूल, शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बोजा घेऊन एवढं अंतर आणि वर हजार मीटरचा चढ एका दिवसात होत नाही, आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत यायचं म्हणजे अंधारात सायकल चालवणं आलंच. शहादा पट्ट्यात सध्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. त्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरली की पुलाच्या दोन्ही बाजूंना घोड्यांच्या गाड्या. सात तास सायकलवर बसून थकलेल्या माणसाने त्या रस्त्यावर नसावं.

पांझराकाठ | १०:१४
शुक्रवारी रात्री पिकअपमधून सायकली शहाद्याला, तिथे पाहुण्यांकडे मुक्काम. शनिवारी पहाटे शहाद्याहून. हे लिहायचं राहिलं. आम्ही सात जण. माझी २९ची एमटीबी, तीन बाय सात गिअर, पुढच्या चक्रांना २४-३४-४२ दात, मागे १४ ते २८. वजन ८८. सामान १७ किलो, सगळं मागेच.

चेनतेल | १०:३६
आता बोलता येतं.

उजव्या बाजूच्या तारा फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून जवळजवळ उभ्या बसवलेल्या असतात. पॅडलचा जोर आणि बोजा त्यांनाच जास्त जाणवतो. त्यात ताण पुरेसा नसला तर प्रत्येक फेऱ्यात जमिनीजवळची तार सैल होते, वर गेली की परत ताणली जाते. हजारो वेळा असं झालं की वाकलेली मान थकते आणि तुटते. एक तुटली की तिचा भार शेजारणीवर, म्हणून दोन दिवसांनी ती. चार गेल्या याचा अर्थ उरलेल्या बाराही त्याच वयाच्या आहेत. एकेक बदलत बसणं थांबवा. उजव्या सोळाच्या सोळा एकदम नवीन टाका.

फ्रीव्हील काढून घ्या, त्याशिवाय उजवी तार आत जात नाही. जुनी अखंड तार मोजा, वाकणाच्या आतल्या कडेपासून आट्याच्या टोकापर्यंत. उजव्या आणि डाव्या तारेत बहुतेक चाकांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, म्हणून उजवीच मोजा. जाडी १४ नंबर, म्हणजे २ मिलिमीटर. दुकानात २६ आणि २८ इंची चाकांची मापं सहज मिळतात, २९ची शोधावी लागते. "दोन-तीन मिलिमीटर लांब आहे, चालेल" असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. आटे संपतात, निप्पल पुढे सरकत नाही आणि टोक रिंगच्या पट्टीतून वर येऊन ट्यूब फाडतं. एखादा मिलिमीटर कमी असेल तर चालतं.

सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, तिच्याच वाटेने नवीन घाला. डोकं बाहेर होतं की आत, शेवटच्या फुलीला (तारा एकमेकींना छेदतात तिथे) शेजारणीच्या वरून होती की खालून, तसंच ठेवा. आट्याला तेलाचा थेंब. सोळा झाल्या की सगळीकडे अर्धा-अर्धा फेरा, शेवटी पाव-पाव. निप्पल फिरवताना तार पिळली जाते, म्हणून पाव फेरा जास्त द्या आणि पाव मागे घ्या. मग हातमोजे घालून समांतर तारांच्या जोड्या दोन्ही बाजूंनी जोरात आवळा, सगळं चाक फिरून. टिकटिक आवाज येईल, येऊ द्या. तारा आपल्या जागी बसतात आणि पीळ सुटतो. त्यानंतर परत आऊट काढा. ही आवळायची पायरी घाईत राहून जाते, आणि नवीन तारही मग लवकर जाते.

ताणमापक नसेल तर बोटाने छेडा. उजव्या सोळांचा सूर एकसारखा हवा. डाव्यांचा खालचा असेल, तो त्यांच्यात सारखा हवा.

खापरपोळी | १०:५१
सोळा तारा बदलून काय होणार? ८८ किलो माणूस, १७ किलो बोजा, ३२ तारांची साधी रिंग. ३६ तारांचं डबल वॉल रिंगचं चाक विणून घ्या, विषय कायमचा संपेल.

चेनतेल | १०:५८
हब ३२ भोकांचा आहे. ३६ म्हणजे हबही नवीन, रिंगही नवीन, ३६ तारा. आज बुधवार आहे. आणि सैल विणलेलं ३६चं चाक नीट ताणलेल्या ३२पेक्षा आधी जातं.

खापरपोळी | ११:०२
पुढच्या ट्रिपसाठी तरी लक्षात ठेवा. बोजा कायम असणार असेल तर ३६च.

अनेरतीर | ११:२०
मला तर बोजाच चुकलेला दिसतोय. एका रात्रीसाठी १७ किलो कशाचे? सात जण आहात तर तंबू वाटून घ्या. कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे. स्टोव्ह दोन पुरतात, पातेली दोन. पाना, पंप, चेन जोडायचं अवजार सगळ्या ग्रुपमध्ये एकच संच, पण ट्यूब मात्र प्रत्येकाच्या मापाच्या दोन-दोन, कारण रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे आहेत. सायकल टेकवताना कच्च्यात उतरवू नका, काटा तिथेच लागतो. प्रत्येकी १० किलोच्या आत बसायला पाहिजे.

मागे ६-७ किलोच ठेवा आणि तेही खाली, बॅगेच्या तळाशी, धुरीच्या रेषेत. कॅरिअरच्या वर फक्त हलकी चटई. उंचावर बांधलेला बोजा उभं राहून चढताना डोलतो, तो झोल थेट तारांवर येतो. झोपायची बॅग आणि तंबूचं कापड हँडलला पुढे. कॅरिअरच्या खालच्या दोन बोल्टना नायलॉनचे नट लावा, साधे नट घाटातल्या थरथरीने सुटतात. बॅग लावल्यावर पाय मागे फिरवून बघा, टाच घासत असेल तर बॅग मागे सरकवा.

तापीवरचा | ११:३४
एवढा त्रास कशाला? शहाद्याहून तोरणमाळला एसटी आहे. बोजा एकाबरोबर एसटीत टाका, बाकीचे मोकळे चढा. नाहीतर पिकअप आहेच, ती वरपर्यंत न्या.

अनेरतीर | ११:४०
दादा, त्यांनी सायकल कॅम्पिंग म्हटलंय. स्वतःचं बिऱ्हाड स्वतः वाहायचं हाच त्याचा अर्थ.

तापीवरचा | ११:४५
चाक तुटल्यावर पिकअपच बोलवावी लागेल ना ताई. घाटात रेंज सगळीकडे मिळत नाही, हे आधी धरून चाला.

सातपायरी | गुरुवार, सकाळी ६:३०
चेनतेल यांनी सगळं बरोबर सांगितलं, एक गोष्ट जोडतो. फ्रीव्हील उतरवणारच आहात तर परत १४-२८ बसवू नका. आट्याची सात गिअरची १४-३४ मिळते. आत्ता सर्वात हलका गिअर २४ बाय २८. २९च्या चाकाचा घेर साधारण २.२८ मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात १.९५ मीटर. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर ताशी ७ किलोमीटर वेग टिकवावा लागतो, बोजा घेऊन ते जमत नाही. मग माणूस उभा राहतो, सायकल डावी-उजवी ढकलतो, आणि तार तुटते. २४ बाय ३४ला तोच हिशेब १.६१ मीटर, ताशी ५.८. बसूनच चढाल. चेन दोन कड्या लांब करावी लागू शकते. पुढे ४२ आणि मागे ३४ एकत्र लावून मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ताणून बसत नाही ना, ते स्टँडवर हाताने फिरवून बघा.

सकाळी सहाला शहादा सोडा. राणीपूरपर्यंत फारसा चढ नाही, तिथे प्रत्येकाने तीन लिटर पाणी भरून घ्यायचं आणि मगच पुढे. घाटातल्या सात पायऱ्या नावाच्या वळणांवर आतल्या कडेने चढू नका, तिथला चढ सर्वांत उभा असतो. बाहेरच्या बाजूने, पण समोरून येणारी जीप बघून.

पांझराकाठ | सकाळी ८:०५
१४-३४ मिळाली. तारांचं दुपारी बघतो. घाटात तुटली तर काय, हे अजून कुणी सांगितलं नाही.

चेनतेल | ८:३०
बरोबर, राहिलं. तुटलेली तार शेजारणीला गुंडाळा, लोंबू देऊ नका, डिरेलरमध्ये गेली तर तोही जाईल. उजवी तुटली की रिंग डावीकडे ओढली जाते. लगतच्या दोन डाव्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिंग बरीचशी मधे येईल. मागची बॅग दुसऱ्याला द्या आणि हळू जा. डिस्क ब्रेक असेल तर तुम्हाला चालेल. रिम ब्रेकवाल्याने ब्रेक मोकळा करावा लागतो, मग उतारावर सायकल हातात धरून चालायचं.

फ्रीव्हील न काढताही उजवी तार बसवता येते. एका जादा तारेचं डोकं कापा, टोकाला पक्कडीने इंग्रजी झेडसारखे दोन छोटे वाक द्या आणि हबच्या भोकात अडकवा. घरीच दोन वाकवून न्या. डाव्या दोन अखंड तारा, निप्पल चावी. सगळं सीटखालच्या नळीला टेपने चिकटवून.

कळणा_ठेचा | ९:१५
जेवणाचं कुणी बोललंच नाही. यशवंत तलावाकाठी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजा, भरीत आणि कळण्याची भाकर. याशिवाय खान्देशातली ट्रिप होत नाही.

अनेरतीर | ९:२२
राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. कृपया हा सल्ला देऊ नका. तंबू कुठे लावायचा तेही वनखात्याला विचारूनच.

कळणा_ठेचा | ९:४०
मान्य, ताई. मग वांगी शुक्रवारीच घरी काड्यांवर भाजून सोलून डब्यात घ्या. चौघांना एक किलो हिरवी वांगी. तेल, मिरची, शेंगदाणे, पातीचा कांदा वेगळा. वर स्टोव्हवर फोडणीच द्यायची आहे. कळण्याच्या भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगल्या राहतात.

सातपायरी | १०:०५
तंबू पाण्यालगत नको. रात्री थंड हवा खाली उतरून पाण्याकाठी साचते, सकाळी कापड आतून ओलं होतं. थोडं वर, झाडाच्या आडोशाला, पण वाळलेल्या फांदीखाली नाही. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर दिसता कामा नये, दव तिच्यावरून आत येतं. डिसेंबरात रात्री पारा १० अंशांखाली जातो, तशी पांघरुणं घ्या.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही जोरात, वळणात सोडून. ग्रुपमध्ये रिम ब्रेकवाले किती? रिंग तापली की ट्यूब फुटते. त्यांना दर दोन-तीन किलोमीटरला थांबवा.

पांझराकाठ | सायंकाळी ७:४८
रिम ब्रेकवाले दोघे. सोळा तारा मापाच्या मिळाल्या, बसवल्या, आवळल्या. खूप टिकटिक झाली. बोजा ११ वर आणला. रिकामी बारा किलोमीटर चालवली, आऊट किंचित आला.

चेनतेल | ७:५५
नवीन तारा बसल्या की तेवढा येतोच. आज रात्री परत सूर बघा, सैल सापडतील त्या पाव फेरा आवळा. शनिवारी राणीपूरला पाणी भरायला थांबाल तेव्हा पुन्हा एकदा. डाव्याही तपासा, उजव्या ताणल्यावर त्यांचा ताण बदलतो.