ओजिब्वे नावाचा अर्थ नंतर विचारा, आधी ठेवलं कुणी ते सांगा

डुलुथकर: परवा इथे 'बाळासाठी हटके नावं' अशी यादी आली. त्यात ओजिब्वे या अमेरिका-कॅनडातल्या मूळनिवासी लोकांच्या भाषेतलं 'मिगिझी', अर्थ गरुड. डोकंच फिरलं. मिनेसोटात माझ्या सहकाऱ्यानं लेकीच्या नावासाठी एका आजींच्या हातात तंबाखूची पुरचुंडी ठेवली. घेतली, म्हणजे होकार. मग पाच महिने शांतता, कारण नाव स्वप्नात यावं लागतं. आलं तेव्हा आजींनी चारी दिशांना पुकारलं, दरवेळी आम्ही सगळ्यांनी मागून म्हटलं. आता आजी आणि पोर एकमेकींना एकाच शब्दानं हाक मारतात. 'माझं शरीर' त्या शब्दाच्या पोटात आहे. हे यादीतून उचलणार?

खवट: तान्या, नताशा ठेवताना रशियाला विचारलं होतं का?

आत्याबाई: नाव ठेवणाऱ्याचा मान म्हणे! भाच्याचं नाव मला व्हॉट्सअॅपवर कळलं. बारशाला कानात कुर्रर्र करायला आत्या हवी, पाठीत धपाटे खायला आत्या हवी. ठरवायला?

पेठकर: आत्या कधी ठरवत होती हो? पत्रिकेत 'र' आला की झाला रियांश. अर्थ विचारा, आईबाप मोबाइल काढतात.

आत्याबाई: माझं नाव आत्यानंच ठेवलंय. तुमच्या घरच्या रीती जगावर लादू नका.

पेठकर: बरं, तुमची आत्या थोर!

खवट: डुलुथकर, स्वप्नाचं कौतुक पुरे. मिनेसोटातलाच ओजिब्वे प्रमुख बगोनेगीझिग. १८४७ मध्ये बाप गेल्यावर त्यानं बापाचंच नाव घेतलं. आधी त्याला नुसतं 'पोरगा' म्हणायचे. अर्थ काय, तर दिवसाला पडलेलं भोक!

डुलुथकर: घ्या, नाव वारशानंही येतं, मान्य. पण बापाकडून आलं, तुमच्या यादीतून नाही. आणि 'गीझिग' म्हणजे दिवसही, आकाशही. भोकावर हसण्याआधी एकदा वर बघा. मूळनिवासी पोरांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांनी हीच नावं पुसून जॉन-मेरी चिकटवली. मूळ नाव पासपोर्टवर परत घ्यायची फुकट सोय कॅनडानं केली ती २०२१ मध्ये. म्हणून चिडतो.

खवट: हे आधी सांगायचं. उगाच तंबाखू मळत बसलात.

यादीवाला: यादी माझी. मिगिझी बायकोनंच उडवलं. आता नाव माझी बहीण ठरवतेय.

आत्याबाई: ठरवतेय, की तिला कळवलंय?