तीन वर्षांच्या मुलाला कवितेचं पुस्तक कशाला?

फोंडेकर: भाचीला वाढदिवसाला बालकवितांचं पुस्तक दिलं, तर घरचे हसले. म्हणे, तिला अक्षरं कुठे येतात! अहो, येत नाहीत म्हणूनच कविता. गोष्टीत पुढे काय झालं ते समजावं लागतं, कवितेला ताल पुरतो. चार वेळा ऐकलं की ओळीचा शेवट पोर स्वतःच म्हणतं. फक्त अर्थ सांगत बसू नका.

मांडावरची: पुस्तक हवंच कशाला? चवथीच्या फुगड्या, पौषातले धालो, म्हणजे मांडावरची, अंगणातली बायकांची नाचगाणी, आईच्या कडेवरून ऐकत आम्ही वाढलो. आता घरात कोंकणी आणि पुस्तकात पुण्याची मराठी. मुलाने कुठला हेल धरायचा?

फोंडेकर: नात वास्कोला फ्लॅटमध्ये, आजी पेडण्याला. मांड आणायचा कुठून? आणि दोन भाषांचं भय गोव्यात कोणाला? बाकीबाब बोरकरांनी दोन्हींत कविता लिहिली.

बालवाडीतली बाई: 1983 मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी दाखवलं होतं, की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना यमकं आणि सारखे आवाज ओळखता येतात, ती पुढे वाचनात सरस ठरतात.

संकासूर: ती इंग्रजी वाचणारी मुलं होती, बाई. आपल्या लिपीत 'का' या एकाच अक्षरात व्यंजन-स्वर एकत्रच येतात, तेव्हा तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावू नका. माझी खरी धास्ती वेगळीच आहे. पुस्तक घरात आलं की थोड्याच दिवसांत पोर स्टेजवर! डोळे मोठे, हात आकाशाकडे, आवाज रडवेला. समोर आई ओठ हलवतेय. ओळ विसरली की घरी जाईपर्यंत गाडीत सगळे गप्प. असल्या पोराला कविता म्हणजे आणखी एक परीक्षा. त्यापेक्षा पुस्तक नसलेलं बरं.

बालवाडीतली बाई: स्पर्धेचं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे तर हातवारे शिकवायला क्लास लावतात! पण तो दोष पुस्तकाचा कसा? विंदांची 'राणीची बाग' घ्या, 1961 ची, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षाची. मुंबईतली ती बाग इथल्या मुलांनी पाहिलेली नसते, तरी प्राण्यांची गंमत कळतेच. हवं ते पान मूल स्वतः उघडतं, रोज तेच उघडतं, आपण कंटाळतो. गाण्यात ही निवड बहुतेक वेळा मोठ्यांच्या हाती असते.

संकासूर: आणि फाडतं ते? पुस्तकं स्वस्त नाहीत.

फोंडेकर: पणजीत पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे की. 1832 पासूनची संस्था, मुलांचा विभागही आहे. आधी तिथे पाहा, पोर कशावर बोट ठेवतं ते बघा, मग विकत घ्या.

मांडावरची: नेईन नातवाला. पण वाचणार माझ्याच हेलात, आणि मधे एक फुगडी घालून.

फोंडेकर: घाला की! पुस्तकाने कुठे नको म्हटलंय?

मांडावरची: पुस्तक नाही हो, सुनेचं म्हणते मी. तिला सगळं 'शुद्ध' हवं.