‘विंड्स ऑफ विंटर’मध्ये पुढे काय होईल? कोणत्या थिअऱ्यांत खरंच दम आहे?

टिटवी

नमस्कार मंडळी. धाग्यात पाचही पुस्तकांतले तपशील येणार आहेत. ज्यांचं वाचन चालू आहे त्यांनी कृपया इथूनच परत फिरा.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका मी टीव्हीवर आली तेव्हाच पाहिली होती. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची पुस्तकं मात्र यंदा हातात घेतली आणि परवा ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ संपवलं. जॉन स्नो बर्फात कोसळलाय, थंडीत जखमेतून वाफ निघतेय, आणि पुढचं पुस्तक, ‘विंड्स ऑफ विंटर’, अजून आलेलंच नाही. 2011 सालापासून लोक इथेच अडकलेत हे माहीत होतं, पण स्वतः तिथवर पोहोचल्यावर जीव कासावीस झाला.

मग रात्र रात्र जागून थिअऱ्या वाचल्या. अमुक माणूस तमुकाचा मुलगा, हा मेलेला नाही, तो वेष बदलून फिरतोय. काही वाचून अंगावर काटा आला, तर काही ठिकाणी निव्वळ बादरायण संबंध जोडलाय असं वाटलं. खरी कोणती आणि ओढूनताणून आणलेली कोणती, हे तुम्ही कसं ओळखता? आणि मालिकेचा शेवट माहीत असताना अंदाज बांधण्यात काही अर्थ उरतो का?

---

सोनचाफा

मी थिअऱ्यांच्या वाटेला जात नाही. कारण सांगतो. मार्टिन यांनी 1993 साली आपल्या एजंटला कथेचा आराखडा पत्रातून कळवला होता. ते पत्र 2015 मध्ये बाहेर आलं. त्यात ही गोष्ट तीनच पुस्तकांची आहे. जॉन आणि आर्या एकमेकांच्या प्रेमात पडतात. विंटरफेल जाळतो तो टिरियन! लिहिता लिहिता लेखकानेच हे सगळं सोडून दिलं. ते स्वतःला बागकाम करणारा लेखक म्हणवतात, आधी नकाशा काढून घर बांधणारा नव्हे. ज्याचं त्यालाच ठाऊक नाही, ते आपण कुठून सांगणार?

---

रानवारा

सोनचाफा, त्याच पत्रात पाच मुख्य पात्रं तिन्ही पुस्तकांतून तरून जातील असंही लिहिलंय: टिरियन, डेनेरिस, आर्या, ब्रॅन आणि जॉन. तीस वर्षं होऊन गेली, पाच पुस्तकं झाली, तरी ही पाचजणं कथेच्या मधोमध आहेत. (जॉनचं काय ते पुढच्या पुस्तकात कळेल.) तपशील बदलतात हे मान्य, पण म्हणून काहीच सांगता येत नाही हे मला पटत नाही.

टिटवी, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मी तालुक्याच्या गावी वाचनालयात काम करते आणि ही पुस्तकं शेजारी वही घेऊन वाचते. कोणतीही थिअरी समोर आली की तिला दोन प्रश्न विचारते. ही खरी नसेल, तर पुस्तकातला कोणता मजकूर उगाच लिहिल्यासारखा वाटेल? आणि ही खरी असेल, तर कुणाचा निर्णय बदलेल? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो नुसता काथ्याकूट. दुसऱ्याला नसेल तर ती थिअरी खरी असली तरी तिने कथेत काही हलत नाही, मग मी तिच्यावर वेळ घालवत नाही.

नमुना म्हणून ‘डान्स’मधलं रॅमसे बोल्टनचं लग्न घ्या. जाडजूड लॉर्ड वायमन मँडर्ली मेजवानीला तीन भल्यामोठ्या ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) घेऊन येतो. स्वतःच्या हाताने कापून बोल्टन मंडळींना वाढतो आणि स्वतःही मिटक्या मारत खातो. पुढे दारूच्या भरात गवयाला फर्मावतो, रॅट कुकचं गाणं म्हण. बस्स, एवढंच. लेखक कुठेही सांगत नाही की त्या सारणात काय होतं. पण त्याच्याकडून निघालेले फ्रे घराण्यातले तिघे वाटेत गायब झालेले असतात. रॅट कुकची गोष्ट ‘स्टॉर्म ऑफ सोर्ड्स’मध्ये ब्रॅनने सांगून ठेवलेली असते: राजाला त्याच्याच मुलाची पाय खाऊ घालणारा स्वयंपाकी. देवांनी त्याला शिक्षा केली ती खुनासाठी नव्हे, घरच्या पाहुण्याला मारलं म्हणून.

आता दावोसचं प्रकरण पुन्हा उघडा. फ्रे मंडळींना निरोप देताना मँडर्ली प्रत्येकाला एकेक घोडा भेट देतो. यजमानाने निरोपाची भेट दिली की पाहुणचाराचं बंधन संपतं. म्हणजे त्याने रेड वेडिंगचा, फ्रे मंडळींनी लग्नात पाहुण्यांची केलेल्या कत्तलीचा, सूड घेतला, पण फ्रे मंडळींनी जो नियम पायदळी तुडवला तो स्वतः मोडला नाही. थिअरी काढून टाका, तर ते घोडे, ते गाणं, ती गोष्ट, सगळं अधांतरी राहतं. सूड आणि कायदा एका ताटात वाढणारा हा म्हातारा मला पुस्तकातल्या कित्येक योद्ध्यांहून मोठा वाटतो.

मालिकेत या पाय आर्याच्या वाट्याला दिल्या आणि घोड्यांचा धागा पार तुटला. म्हणून टिटवी, मालिका पाहिलीत तरी पुढची गोष्ट तुम्हाला कळलेली नाही. यंग ग्रिफ मालिकेत नाही. लेडी स्टोनहार्ट नाही, एरियान मार्टेल नाही. ज्यांच्या हातून पुढचं पुस्तक घडायचंय अशी अर्धी माणसं तिथे जन्मालाच आली नाहीत.

---

टिटवी

घोड्यांचं मी वाचलं होतं, पण डोक्यात प्रकाशच पडला नव्हता! आता उठून ते पान काढलं. यंग ग्रिफ हा खरा एगॉन, म्हणजे राजपुत्र ऱ्हेगार टारगेरियनचा मेलेला समजला गेलेला मुलगा, की तोतया, हे तुमच्या दोन प्रश्नांना लावून दाखवाल का? मला तो मुलगा आवडला होता.

---

रानवारा

मलाही आवडतो, आणि तो ऱ्हेगारचा मुलगा नाही असं मला वाटतं. तो ब्लॅकफायर आहे, त्या बंडखोर अनौरस शाखेचा, आईकडून.

‘डान्स’च्या सुरुवातीला व्यापारी इलिरिओ टिरियनला सांगतो की मेलिस मेला आणि ब्लॅकफायर घराण्याची पुरुषशाखा संपली. इतकं नेमकं कशाला? मग स्त्रीशाखा उरली असणार. आपल्या मेलेल्या बायकोबद्दल, सेराबद्दल, तो हळवा होऊन बोलतो. ती लिसची होती आणि तिचे केस फिकट सोनेरी, मधे रुपेरी झाक असलेले. पैशासाठी काहीही विकणारा हा माणूस यंग ग्रिफसाठी आठवणीने पाकातलं आलं पाठवतो. आणि गोल्डन कंपनी? ही भाडोत्री फौज बिटरस्टीलने ब्लॅकफायरांसाठीच उभी केली होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराण्याविरुद्ध लढली, त्याच घराण्याच्या पोरासाठी ती अचानक का निघते? इलिरिओचं उत्तर असं की काही करार शाईने लिहितात, काही रक्ताने.

माझा सगळ्यात लाडका पुरावा मात्र ‘फीस्ट फॉर क्रोज’मध्ये आहे. ब्रिएन चालता चालता सेप्टन मेरिबाल्डकडून एका खाणावळीचा इतिहास ऐकते. तिच्या आवारात काळ्या लोखंडाचा ड्रॅगन पाटी म्हणून टांगलेला होता. काळा ड्रॅगन म्हणजे ब्लॅकफायरांची खूण. राजनिष्ठ लॉर्ड डॅरीचं पित्त खवळलं आणि त्याने त्या पाटीचे तुकडे करून नदीत फेकले. बऱ्याच वर्षांनी त्यातलं एक डोकं वाहत वाहत क्वायट आयलच्या काठाला लागलं, तेव्हा गंजून लाल झालं होतं. टारगेरियनांचा ड्रॅगन लाल. काळा ड्रॅगन पाण्यात गेला आणि लाल होऊन परत आला! ब्रिएनच्या प्रवासाला या कहाणीचा काडीचा उपयोग नाही. ती आपल्यासाठी लिहिली आहे.

---

काजवा

रानवाराताई, एक शंका. ‘डान्स’च्या उपसंहारात हेरप्रमुख व्हॅरिस मरणाऱ्या केव्हन लॅनिस्टरला स्वतः सांगतो की एगॉन जिवंत आहे. मरणाऱ्याशी खोटं बोलून त्याला काय मिळणार? तिथे ऐकायला त्याच्यासाठी हेरगिरी करणारी मुलं सोडली तर कुणी नाही. माझ्या मते हा एकच पुरावा बाकी सगळ्यांना पुरून उरतो.

---

रानवारा

काजवा, तो संवाद पुन्हा सावकाश वाच. केव्हनला त्या रक्ताळलेल्या बाळाची आठवण येते आणि तो म्हणतो, तो तर मेला. व्हॅरिस म्हणतो, नाही, तो इथे आलाय. मग त्या मुलाला राज्यासाठी कसं घडवलं यावर भरभरून बोलतो. पण ऱ्हेगारचा मुलगा असा शब्द तो उच्चारत नाही. बापाचं नाव नाही की आईचं नाही. बोलायला इतका वेळ असलेला माणूस नेमकं तेवढंच गाळतो. मला पाणी तिथेच मुरताना दिसतं.

आता दुसरा प्रश्न, कुणाचा निर्णय बदलेल? इथे मी बहुतेकांपेक्षा वेगळं म्हणते. लोक धरून चालतात की भांडं फुटेल, पोरगा तोतया ठरेल आणि लोक डेनेरिसचा जयजयकार करतील. मला उलटं दिसतं. ‘क्लॅश ऑफ किंग्ज’मध्ये हाउस ऑफ द अनडाइंगमध्ये तिला काठ्यांवर नाचवलेला कापडी ड्रॅगन दिसतो, आणि त्याभोवती हर्षाने ओरडणारी गर्दी. ती गर्दी महत्त्वाची. लोकांना तो मुलगा प्रिय असेल, कारण तो भुकेल्या राज्यात आधी पोहोचला. रक्त कुणाचं हे सिद्ध करणारा कागद कुठेच नाही. डेनेरिस तीन ड्रॅगन घेऊन येईल, आणि जे खोटं आहे ते खोटं म्हणून मोडून काढायला गेली की लोकांना ती आपल्या लाडक्या राजाची मारेकरीण दिसेल. मालिकेत तिचं शहर जाळणं फार झटपट आलं. पुस्तकात त्याची वाट या मुलावरून जाते असं मला मनापासून वाटतं.

आणि जॉन कॉनिंग्टन! ऱ्हेगारवर जीव ओवाळून टाकलेला हा माणूस, हातावर ग्रेस्केल (कातडी दगडासारखी करणारा रोग) चढत चाललाय, ते दडवून त्या मुलासाठी राज्य जिंकायला निघालाय. हा आपल्या राजपुत्राचा मुलगा नव्हे असं त्याला कळलं तर? की कळूनही तो डोळे मिटून घेईल? मला त्याचं प्रकरण वाचायचंय, सिंहासनावर कोण बसलं ते नंतर.

---

सोनचाफा

तुमच्या पद्धतीत एक ओळखीची गोष्ट दिसली. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, हा प्रश्न असाच संहितेतल्या खुणा धरून मांडला होता. विदुर हा धर्माचा अंश, आणि वनात देह सोडताना तो योगबळाने युधिष्ठिरात शिरतो, हे प्रसंग त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. शेवटी प्रश्नचिन्ह कायम ठेवलं. ते मला नेहमी भावतं.

पण मग जॉनच्या जन्माबद्दल अजून काय शोधायचं? तो नेड स्टार्कची बहीण लियाना आणि ऱ्हेगारचा, हे आता शेंबडं पोरही सांगेल.

---

रानवारा

कोण आई, कोण बाप, हे सुटलं. त्याला ते कधी आणि कशासोबत कळणार, हे नाही.

नेडचा थोरला मुलगा रॉब रेड वेडिंगला जाण्याआधी आपला वारस ठरवतो. ब्रॅन आणि रिकन मेले अशी समजूत, आर्याचा पत्ता नाही, सान्साचं टिरियनशी लग्न लावलेलं. विंटरफेल लॅनिस्टरांच्या हाती जाऊ नये म्हणून जॉनला औरस करून वारस नेमायचा त्याचा इरादा असतो. त्याची आई केटलिन विरोध करते. कागदावर सरदारांच्या साक्षी होतात. त्याच बैठकीत रॉब मेज मॉरमॉन्ट आणि गॅलबर्ट ग्लोव्हर यांना दलदलीतून हाउलंड रीडकडे धाडतो. ते दोघे त्यानंतर आपल्याला दिसलेले नाहीत.

आणि हाउलंड रीड कोण? लियाना जिथे मेली त्या टॉवर ऑफ जॉयवरून नेडसोबत जिवंत परतलेला एकटा माणूस. लियाना मरताना काय झालं हे त्याला ठाऊक. पाच पुस्तकं झाली, तो एकदाही समोर आलेला नाही. त्याची मुलं मात्र ब्रॅनला हॅरनहॉलच्या स्पर्धेतल्या लाफिंग ट्री सरदाराची गोष्ट सांगतात आणि जोजेन पुन्हा पुन्हा विचारतो, तुझ्या वडिलांनी ही कधीच सांगितली नाही? नेडने घरात तो विषयच बंद करून टाकला होता, हे त्या एका प्रश्नातून कळतं.

म्हणजे दोन गोष्टी एकाच दलदलीत येऊन मिळण्याची शक्यता आहे. एक कागद, जो जॉनला स्टार्क करतो. आणि एक माणूस, ज्याला माहीत आहे की जॉन नेडचा मुलगाच नाही. जन्मभर ज्या नावासाठी तो मनातून झुरला, स्टॅनिसने देऊ केलं तेव्हा ज्याला नाही म्हणाला, ते नाव भावाच्या हस्ताक्षरात समोर यावं, आणि त्याच वेळी कळावं की रॉब आपला भाऊ नव्हता, आतेमामे भावंड होता. हे दोन्ही एकत्र आलं तर त्याने काय करायचं? सिंहासनावरचा हक्क मला यापुढे अगदी कोरडा वाटतो. मालिकेत मृत्युपत्राचा हा धागाच नव्हता, त्यामुळे तिथे जॉनसमोर हा पेच कधी आलाच नाही.

---

काजवा

व्हॅरिसचा संवाद पुन्हा वाचला. नाव घेत नाही हे खरं. तरी मी अजून पन्नास-पन्नासवरच आहे.

माझ्याकडून एक भर. ‘क्लॅश’मध्ये जॉनचा लांडगा घोस्ट त्याला एका पुरचुंडीपाशी नेतो. ड्रॅगनग्लासची पाती आणि सोबत एक तडा गेलेलं रणशिंग. जॉन ते सॅमला देऊन टाकतो. मेलिसांद्रेने मोठं शिंग जाळलं, पण ते खरं जोरामनचं नव्हतंच असं टॉरमुंड जॉनला सांगतो. मग भिंत पाडणारं शिंग कुठाय? सॅम ओल्डटाउनला पोहोचलाय आणि समुद्री लुटारू युरॉनची जहाजं त्याच किनाऱ्यावर लुटालूट करताहेत. रानवाराताई, हे तुमच्या पहिल्या प्रश्नात बसतं ना?

---

रानवारा

बसतं. न वाजणारं शिंग लेखकाने भिंतीपल्याडपासून दक्षिण टोकापर्यंत उगाच वाहून नेलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, म्हणून वहीत ते वेगळ्या पानावर ठेवलंय. सॅमला ते काय आहे हे वेळेत उमगलं तर तो काय करेल, यावर तुझं मत लिही.

---

टिटवी

मी आता ‘फीस्ट’ पुन्हा सुरू करतेय, यावेळी वही घेऊन. ब्रिएनची प्रकरणं पहिल्या वाचनात कंटाळून भरभर उलटली होती. क्वायट आयल नेमकं कुठे येतं, रानवारा?

---

रानवारा

पुस्तकाच्या उत्तरार्धात, मेरिबाल्ड आणि त्याचा कुत्रा वाटेत भेटल्यानंतर. घाई करू नका. त्याच प्रवासात लढाईतून मोडून पळालेल्या शिपायांबद्दल मेरिबाल्ड एक लांबलचक भाषण करतो. त्यात कसली खूण नाही की थिअरी नाही, पण तेवढं मोठ्याने वाचा.