देव प्रेमळ आहे, तर वधस्तंभ कशाला? युवकांच्या अभ्यासासाठी मदत हवी

शरणपूरकर:
जय ख्रिस्त. रविवारी भक्तीनंतर युवकांना बायबलमधलं योहान ३:१६ (अध्याय ३, वचन १६: देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला) शिकवायचं आहे, वेळ ४० मिनिटं. वचन सगळ्यांना पाठ आहे, अडतं ते पुढेच. ‘देवाने नुसती क्षमा का केली नाही?’ आणि ‘तारण (पापातून सुटका) फुकट, तर नीट वागायचं कशाला?’ गटात कॅथलिक मुलंही आहेत. सुरुवात कुठून करू?

गंगापूररोड_बायबलवर्ग:
१६ नव्हे, १४ पासून करा. रात्री भेटायला आलेल्या निकदेम या यहुदी गुरूला येशू आधी मोशेने रानात उंच केलेल्या सापाची आठवण देतो, आपल्यालाही तसंच उंच केलं जाईल म्हणतो. म्हणून जुन्या करारातली ती गोष्ट, गणना २१:४-९, एखाद्याला मोठ्याने वाचायला लावा. साप चावलेल्याने करायचं काय होतं? खांबावरच्या पितळी सापाकडे बघायचं, बस्स. विश्वास म्हणजे काय, ते मुलांना तिथेच उमगतं.

मग १४ ते १७ सलग वाचा. १७ (पुत्राला पाठवलं ते जगाचा न्याय करायला नव्हे, तारायला) गाळलं की रागीट बाप आणि मध्ये पडणारा मुलगा असं चित्र डोक्यात बसतं, आणि पुढे ते निघता निघत नाही. रोम. (रोमकरांस पत्र) ५:८ काढा: आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला, आणि त्यात प्रीती दिसली ती देवाची. २ करिंथ. ५:१९ प्रमाणे समेट करणारा देवच आहे. वधस्तंभ बघून त्याला दया आली असं नव्हे, प्रीती आधीची.

‘नुसती क्षमा’वाल्याला विचारा: कुणी तुझे पाच हजार बुडवले आणि तू सोडून दिलेस, तर खड्डा कुणाच्या खिशाला पडला? एवढ्यावर थांबा. उपमा ताणली की तारणाची खतावणी होते.

जेलरोडची_वाचक:
लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीसाठी (पैसे उडवून घरी परतणारा धाकटा मुलगा) दहा मिनिटं ठेवाच. धाकट्याने घोकलेलं भाषण १८-१९ मध्ये आहे, प्रत्यक्ष बोललेलं २१ मध्ये. दोन्ही शेजारी लिहा आणि काय गळलं ते मुलांना शोधू द्या. ‘मला चाकरासारखं ठेवा’ हे त्याच्या तोंडून येतच नाही, बाप अंगरखा मागवून मोकळा! आणि २८ विसरू नका, रुसलेल्या थोरल्यासाठीही बापच बाहेर येतो. नियमाने चर्चला येणाऱ्यांना हा भाग जास्त झोंबतो.

नाशिकरोडकर:
कॅथलिक मुलांसमोर ‘तुम्ही कर्माने तारण मानता’ असं चुकूनही म्हणू नका, आमची शिकवण तशी नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथेरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेनेच, आपल्या पुण्याईवर नाही. बाकी मतभेद आहेत, पण ते युवकांच्या वर्गात कशाला? बाळ येशूच्या यात्रेत नवस बोलणारे भेटतात, तिथेही हेच सांगावं लागतं: मेणबत्ती म्हणजे प्रार्थना, देवाला दिलेली किंमत नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाला इफिस. (इफिसकरांस पत्र) २:८-९, म्हणजे ‘तारण कृपेने, कर्मांनी नव्हे’, एवढं वाचून थांबू नका, १० वाचा. सत्कृत्यं तिथे आहेतच, फक्त तारणानंतर.

शरणपूरकर:
आभार. याकोब २ (कृतीवाचून विश्वास निर्जीव) पण यातच बसवू का?

गंगापूररोड_बायबलवर्ग:
नको, कोंबाकोंबी होईल. उत्पत्ती १५:६ (अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला) हे एकच वचन रोम. ४:३ आणि याकोब २:२३ दोन्हीकडे येतं, पण याकोब ते इसहाकाच्या वेदीशी, म्हणजे अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला त्या उत्पत्ती २२ शी जोडतो. ते उलगडायलाच अर्धा तास हवा. पुढच्या रविवारी घ्या.